आधी लघवीची तपासणी, मग गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या महिला पुरवणीत 'पाळी लांबली? घरीच करा गोळी' छापून आपण वाचकांची मोठीच सोय केलीत. छापण्याआधी ती कृती कुणा वैद्याला दाखवली असती तर आणखी बरे झाले असते.

रजःप्रवर्तिनी वटीत, म्हणजे लेखातल्या त्या पाळी आणणाऱ्या आयुर्वेदिक गोळीत, काळा बोळ, हिराकस, टाकणखार (बोरॅक्स) आणि हिंग समभाग असतात, इथवर ठीक. पण चारही जिन्नस दुकानातून आणून 'थेट कुटावेत'? हिराकसाला माक्याच्या रसाची भावना देतात, म्हणजे त्या रसात खलून सुकवतात, टाकणखार तव्यावर फुलवून त्याची लाही करतात, हिंग तुपात परततात. मग सगळे कोरफडीच्या रसात खलून दोन गुंजांच्या, म्हणजे सुमारे 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या वळतात. लेखातली 'बोराएवढी' गोळी याच्या कितीतरी पट होईल. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. कच्चा आणि इतका पोटात गेला की ओकाऱ्या ठरलेल्या.

'काळा बोळ नसल्यास कोरफडीचा गर वाळवून घ्या' हे तर अजबच. बोळ गराचा होत नाही. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडूजहर चीक गळतो, तो आटवला की काळा बोळ. तो जहाल रेचक आहे. जास्त झाला की मुरडा, जुलाब, आणि मूळव्याध असेल तर रक्त. त्यालाच पाळी आली समजून बायका गोळी चालू ठेवतात. दुकानात नुसते 'बोळ द्या' म्हटले तर हिराबोळही हाती पडतो. तो गुग्गुळाच्या जातीच्या झाडाचा डिंक, वस्तू वेगळी.

यात खरी गफलत मात्र लेखाच्या पहिल्याच ओळीत, म्हणजे पाळी लांबली की थेट गोळी, या सल्ल्यात आहे. पाळी चुकलेल्या बाईने गोळी वळण्याआधी सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी-तपासणी करावी. नकार आला तरी आठवड्याने पुन्हा. दिवस गेले असताना ही गोळी चालत नाही, आणि गर्भ नळीत राहिला असेल तर पोटाच्या एका बाजूची कळ 'औषध लागू पडतंय' म्हणून अंगावर काढणे जिवावर बेतते. थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा बिघाड, गर्भाशयाचा क्षय, यांतले काहीही हिंगाने हटत नाही. सोळा वर्षांची होऊनही मुलीला पाळी आलीच नसेल, तर तिथे घरगुती गोळीचे कामच नाही.

सुश्रुताने आर्तव (पाळीचा स्राव) नष्ट होण्याचे कारण दोषांनी (वात, पित्त, कफ) मार्ग अडणे हे सांगितले, आणि पथ्यात मासे, हुलगे, तीळ, उडीद, दही दिले. म्हणजे बरेचसे खाणेच. उपास करून वाळलेल्या पोरीला उष्ण रेचक देणे त्यात कुठे बसते, हे लेखिकेने सांगावे. काळ्या तिळांचा काढा (10 ग्रॅम भरड, 160 मिलि पाणी, आटवून 40, वर गूळ) छापला असता तर निदान भांडेच खराब झाले असते. अर्थात तपासणी त्याच्याही आधी.

आणि हो, कोरफड म्हणून छापलेला फोटो घायपाताचा आहे. त्याचा रस अंगाला लागला तर खाज सुटते. दुरुस्ती छापाल तेव्हा तोही बदला.

आपली,
रसशास्त्र शिकवणारी एक वाचक, वाई