बाबूस पत्र: सोहमच्या पोटातले जंतू घेऊन तुझं वजन उतरेल का

प्रिय बाबू,

तू विचारलंस की सोहमच्या पोटातले बॅक्टेरिया, म्हणजे त्याची शी घेऊन त्यातले जंतू, तुझ्या पोटात घातले तर तुझं वजन उतरेल का, तो एवढं खातो तरी काडीसारखा राहतो म्हणजे काहीतरी त्याच्या आतड्यातच असणार, आणि व्हिडिओत दाखवतात तसं घरच्या घरी करता येईल का. तर उत्तर आधी देते. वजन उतरणार नाही, आणि घरी तर अजिबात करायचं नाही. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू हो आई हो आई करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय, शांतपणे बसून वाच.

मी नाही म्हणतेय ते किळस येते म्हणून नव्हे हं. अख्खं आयुष्य फोंड्याच्या लॅबमध्ये गेलंय माझं, सकाळी सातपासून स्टूलच्या डब्या यायला सुरुवात व्हायची, डबीवर नाव बघायचं, वेळ लिहायची, काडीने जरासं घेऊन काचेवर सलाईनच्या एका थेंबात कालवायचं, शेजारी आयोडीनच्या थेंबात, वर कव्हरस्लिप आणि मायक्रोस्कोपखाली. अमिबा, जिआर्डिया, जंताची अंडी, सगळं दिसतं. जे दिसत नाही त्याचं पुढे लिहिते.

आणि हे खूळ आहे असंही नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला आयझमन नावाच्या सर्जनने अँटिबायोटिक्सनंतर आतडी पार खराब झालेल्या चार पेशंटना निरोगी माणसाच्या शीचा एनिमा दिला आणि ते बरे झाले. मग २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूवर नीट ट्रायल केली, पुन्हा पुन्हा उलटणारे जुलाब असतात ते, म्हातारी माणसं दगावतात त्यात. १६ पैकी १५ जण बरे झाले, नुसतं औषध घेतलेल्यांत तिसरा हिस्सासुद्धा नाही. अमेरिकेने २०२२ आणि २०२३ मध्ये अशा दोन औषधांना परवानगी दिली, पण कशासाठी, तर तो जंतू परत उलटू नये म्हणून. लठ्ठपणासाठी नाही. जाहिरात करणारे नेमकं हेच गाळतात.

जंतू बदलले की उंदीर जाड-बारीक होतात असं तू वाचलंस ते खरं आहे. अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या लॅबमध्ये असे उंदीर असतात ज्यांच्या पोटात एकही जंतू नसतो, जन्मापासून बंद पेटीतच वाढवलेले. २००६ मध्ये त्यांनी लठ्ठ उंदरांचे जंतू अशा उंदरांना दिले तर त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. २०१३ मध्ये त्याहून भारी केलं, अशा जुळ्या बहिणी शोधल्या की एक लठ्ठ आणि एक सडपातळ, दोघींचे जंतू वेगवेगळ्या उंदरांना दिले, लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर जाड झाले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे सडपातळ बाजूचे जंतू दुसऱ्यांच्या पोटात जाऊन बसले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण हे कधी झालं माहितीय, खाण्यात फायबर भरपूर आणि चरबी कमी होती तेव्हा. तेच उंदीर भाज्याफळं कमी आणि चरबी जास्त अशा खाण्यावर ठेवले तर नवे जंतू टिकलेच नाहीत. बाबू, माझ्या मते सगळी गोष्ट या एका पिंजऱ्यात आहे.

कारण माणसांत बघ काय झालं. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमला १८ पुरुषांवर केलं, अर्ध्यांना सडपातळ माणसाचे जंतू आणि अर्ध्यांना स्वतःचेच परत, सहा आठवड्यांनी इन्सुलिन जरा बरं काम करायला लागलं पण वजन तेवढंच. पुढे त्याच गटाने ३८ जणांवर परत करून बघितलं तेव्हा तो इन्सुलिनचा फायदाही १८ आठवड्यांपर्यंत विरून गेला. २०२० मध्ये अमेरिकेत २२ लठ्ठ माणसांना १२ आठवडे बघितलं, जंतूंची कॅप्सूल घेणारे आणि खोटी कॅप्सूल घेणारे, वजनात फरक नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १४ ते १८ वयाच्या ८७ मुलामुलींना, दोन दिवसांत २८ कॅप्सूल, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हलला नाही, पोटावरच्या चरबीचं प्रमाण तेवढं थोडं कमी झालं. मला त्या पोरांचं फार वाटलं, एवढ्या आशेने गिळल्या असतील.

म्हणजे जंतू घालणं सोपं, त्यांना जगवणं कठीण. कुळागरात रोप लावायचं आणि पाटाचं पाणी सोडायचंच नाही असं आहे ते. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारा भाग, साली, कोंडा, कडधान्यं, भाज्या, तेच आंबवून ते ब्युटिरेट वगैरे आम्लं तयार करतात आणि आतड्याचं अस्तर त्यावर जगतं. तू यूएस शिफ्ट संपवून पहाटे ऑर्डर करून पिझ्झा आणि बिर्याणी खातोस, त्यात त्यांना काय मिळणार. कॅनडात २०२१ मध्ये जंतू आणि रोजची फायबरची पावडर एकत्र दिली, तेव्हा इन्सुलिन सुधारलं, तेही एकाच प्रकारच्या फायबरवर. पुढे काही निघेल तर त्या वाटेने निघेल असं मला वाटतं, पण आज ते औषध नाही.

आता सोहमचं. माझ्या काचेवर जे सॅंपल साफ दिसतं ते साफ असतंच असं नाही, कावीळ, एचआयव्ही, औषधांना न जुमानणारे जंतू हे तसे दिसत नाहीत, त्यांच्या टेस्ट वेगळ्या. म्हणून खरे डोनर, म्हणजे शी देणारे, कडक तपासून घेतात आणि पुढे येणाऱ्यांतले फार थोडेच पास होतात. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच डोनरच्या शीतून दोन पेशंटना अँटिबायोटिक्सना दाद न देणारा ई. कोलाय नावाचा जंतू लागला, त्यातला एक गेला. दोघांची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती हे खरं, पण ते हॉस्पिटलच्या देखरेखीखाली होतं, तुझ्या फ्लॅटमधल्या मिक्सरमध्ये नव्हे. आणि अजून एक, हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. अमेरिकेत ३२ वर्षांच्या एका आईला तोच जुलाबाचा जंतू उलटत होता, तिने स्वतःच्या मुलीचं स्टूल घेतलं. जुलाब बरे झाले, पण ६२ किलोची ती बाई १६ महिन्यांत ७७ किलोवर गेली, आणि त्या मुलीचंही वजन पुढे वाढलेलं. जंतूंमुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत, बरं झाल्यावर भूक वाढते, इतर औषधंही घेतली होती तिने. पण तेव्हापासून वजन जास्त असलेल्या डोनरला सहसा नाही म्हणतात. दुसऱ्याच्या पोटातून काय काय येईल ते निवडून घेता येत नाही रे.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. चवथीला सगळ्यांसमोर काकी म्हणाली तुला पाट पुरत नाही, तेव्हा तू ताटावरून उठून गेलास, ते मला लागलं आणि तिला मी नंतर सांगितलंय, आता ती बोलणार नाही. तुझ्या बाबांकडच्या सगळ्यांचाच बांधा हा, रात्रपाळी, झोप नाही, यात तुझ्या आळसाचा प्रश्न कुठे येतो. वजन हा आजार आहे असं धरून डॉक्टरकडे जा. आधी थायरॉईड, तीन महिन्यांची शुगर, लिव्हर आणि लिपिड करून घे. हल्ली आठवड्याला घ्यायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं भारतातही मिळतात, त्यांच्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, त्यांचेही त्रास आहेत, मळमळ होते, आणि बंद केल्यावर वजन परत येतं, पण निदान ती तपासून झालेली गोष्ट आहे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, गरज आहे म्हणाला तर घे, पैशांचं मी आणि बाबा बघतो. असल्या जाहिराती करणाऱ्या कुठल्याही परदेशी क्लिनिकला एक रुपयाही पाठवू नकोस.

शुक्रवारच्या बसने पार्सल पाठवतेय. उकडे तांदूळ, कुळीथ, आळसांदे आणि नाचणीचं पीठ आहे. आळसांदे रात्री भिजत घाल आणि कुकरला तीन शिट्या कर, खोबऱ्याचं वाटण मी तव्यावर कोरडं करून डबीत घातलंय, डबी आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेव. एकदम ढीगभर खाऊ नकोस, सवय नसेल तर गॅस होतो, हळूहळू वाढव. आणि रिपोर्ट आले की आकडे सांगत बसू नकोस, फोटो काढून पाठव, मी स्वतः बघते.

आई