लाल शाईतल्या एका शब्दाबद्दल

ताई,

हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवता आलं असतं. आपल्या दोन दारांमध्ये अंतर ते किती, बारा पावलं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून कुठल्यातरी पुस्तकात ठेवून दिलं असतंत आणि समोर आल्यावर "कशाला एवढं" म्हणत विषय बदलला असतात. म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घेत नाही, तेवढं पथ्य पाळतो. तुम्हाला बारा पावलांवरूनच कळलं असेल.

आधी तक्रार. आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलात, तेव्हा तक्रार ऐकून घ्यायची सवय असणारच.

त्या वर्षी माझे शनिवार-रविवार नासत चालले होते. आठवडाभर हिशेबाच्या रकान्यांत मान घालून बसायचं, शुक्रवारी संध्याकाळी सुटका झाल्यासारखं वाटायचं, आणि मग त्या सुटकेचं करायचं काय हेच कळायचं नाही. शनिवारी दुपारपर्यंत लोळणं, मग लोळलो म्हणून स्वतःवरच चिडणं. रविवारी तीनच्या सुमारास पोटात गोळा, कारण तोवर सोमवार दिसायला लागलेला असायचा. मला वाटायचं हा माझाच काहीतरी बिघाड आहे. पुढे वाचनात आलं की सांदोर फेरेन्त्सी नावाच्या हंगेरियन मनोविश्लेषकाने १९१९ मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय, ज्यांची दुखणी नेमकी रविवारी डोकं वर काढायची. त्याने त्याला नावच 'रविवारचा न्यूरोसिस', म्हणजे रविवारचं मनाचं दुखणं, असं दिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीही सुट्टी लोकांना झेपत नव्हती, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

मदत मागितली नव्हती असं नाही. आमच्या ऑफिसने एक कार्यशाळा ठेवली होती, मनःस्वास्थ्याची. ठेवली कधी, तर शनिवारी सकाळी. विश्रांती कशी घ्यावी हे शिकवायला सुट्टीच खाल्ली. वक्ते पडद्यावर उगवते सूर्य दाखवत होते. "रोज सकाळी उठल्याबरोबर दहा गोष्टी लिहा, ज्यांबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात." मी हात वर करून विचारलं, दहा सुचल्या नाहीत तर? म्हणाले, "मग तुमचा दृष्टिकोन तपासून बघा." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र बराच वेळ बूटही न काढता बसून होतो.

मग एक अ‍ॅप घेतलं. रोज रात्री नऊला टिंग वाजायचं. आज कशाबद्दल कृतज्ञ आहात? अकरा दिवस काहीबाही टाइप केलं, बाराव्या दिवशी राहिलं, तर लगेच मोडलेल्या साखळीचं चित्र. म्हणजे आता मी कृतज्ञतेचाही थकबाकीदार झालो! आणि नात्यातल्या एका थोर व्यक्तीने सांगितलं की तुझ्याहून वाईट अवस्थेत किती जण आहेत ते बघ. बघितलं. त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःबद्दल आणखीच. दुसऱ्याच्या हालांवर आपलं समाधान उभं करायचं हा जमाखर्च मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. यादी, साखळी, हसरा चेहरा.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा कसा आलो ते सांगत बसत नाही. नळाचं निमित्त होतं, एवढं पुरे. शनिवारी सकाळी तुम्ही खिडकीशी तासभर लिहीत बसता, हे तेव्हा कळलं. "बस हवं तर," म्हणालात, "बोलायचं मात्र नाही." एक कोरी वही माझ्यासमोर सरकवलीत आणि आपल्या कामाला लागलात. काय लिहू असं विचारल्यावर, वर न बघताच, "आठवड्यात जे बरं झालं ते" इतकंच.

मी लिहिलं, 'आरोग्य'. खोडलं. 'घर' लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही शब्द त्या कार्यशाळेतून चोरून आणल्यासारखे दिसत होते. पान फाडलं. तास संपला तेव्हा समोर कोरं पान होतं. मी वही तुमच्याकडे ढकलली आणि म्हणालो, "ताई, माझ्याकडे काही नाही. कोरी आहे." ते ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज मला अजून आठवतो.

आता काय येणार याची मला खात्री होती. अरे, धडधाकट आहेस, डोळे आहेत, नोकरी आहे, त्याबद्दल लिही. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात. डब्यातून लाल पेन काढलंत. पानाच्या कोपऱ्यात तारीख घातलीत आणि खाली, त्या तुमच्या शाळेच्या गोल अक्षरात, एकच शब्द लिहिलात.

हजर.

"गृहपाठ नसला तरी हजेरी लागते," म्हणालात. पेन वहीतच ठेवून वही मिटलीत आणि झारी घेऊन कुंड्यांकडे गेलात. पाठमोऱ्या. त्या दिवशी झाडांना नक्कीच गरजेपेक्षा जास्त पाणी मिळालं असणार, कारण बराच वेळ तुम्ही वळून बघितलं नाहीत. तेवढ्यात मी चेहरा पुसून घेतला.

मला आभार मानायचे आहेत ते या गोष्टीचे. बाकीचं पुढे झालं, ते चांगलंच झालं, पण ते झालं नसतं तरी हे पत्र मी लिहिलं असतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझी नोंद केली होती आणि त्या नोंदीपुढे काही येणं लिहिलेलं नव्हतं. आणि तुमची ती पाठ! सांत्वन करणारी माणसं आपल्याकडे टक लावून बघतात, सांत्वन लागू पडलं का ते तपासत. तुम्ही बघितलं नाहीत.

दुसऱ्या शनिवारीही 'हजर' एवढंच. तिसऱ्या शनिवारी एक ओळ आली. आमच्या ऑफिसच्या इमारतीचा रात्रीचा रखवालदार मला उशीर झाला की मी बाहेर पडायच्या आधीच आतल्या बोळकांडीतला दिवा लावून ठेवतो. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "का लावतो?"

"त्याचं कामच आहे."

"कामाच्या कागदात तसं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. मी शोधूनही आलो असतो, पण नव्हतंच. मग तुम्ही म्हणालात, "हिशेबनीस आहेस ना? आता तो दिवा वजा कर." मी वजा केला. अंधारी बोळकांडी, हातात तीन पिशव्या, किल्ली सापडत नाही, आणि बारा तास आकडे बघून झाल्यावर समोर काळोख. माझी जी जरा बरी संध्याकाळ होती ती त्या दिव्यावर उभी होती आणि तो दिवा एका माणसाने, कुणी सांगितलं नसताना, माझा विचार करून लावलेला होता. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. सोमवारी विचारलं.

गंमत म्हणजे तुमच्या या दोन्ही प्रश्नांवर विद्यापीठांत काम झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जो प्रयोग छापला, त्यात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं होतं आणि प्रत्येकीसमोर ती का घडली तेही. त्या 'का'सकट लिहिणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांनीही फरक दिसत होता. आणि वजाबाकीचं म्हणाल तर २००८ मध्ये मिनक्युंग कू आणि इतरांनी दाखवलं की चांगली गोष्ट आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर, अशी कल्पना केल्याने मन जास्त उजळतं. मी हे मोठ्या उत्साहाने तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "एवढ्यासाठी विद्यापीठ लागलं होय?"

पण एका बाबतीत विद्यापीठाने तुमची बाजू अशी घेतलीय की मला गप्प बसावं लागलं. वही जमायला लागल्यावर मला जोर चढला होता. रोज लिहीन म्हणालो. तुम्ही नको म्हणालात. "शनिवारपुरतंच ठेव. रोज लिहिशील तर महिन्याभरात पाढे म्हणशील." मला वाटलं, जुन्या माणसांचा हेका. तर सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात अगदी हेच निघालेलं. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. त्याआधी २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी ज्या अभ्यासाने या विषयाला तोंड फोडलं, त्यातल्या पहिल्या प्रयोगातही विद्यार्थी आठवड्यातून एकदाच लिहीत होते, तेही फार तर पाच गोष्टी. दहा नाहीत. त्या कार्यशाळेच्या वक्त्यांना हे कुणीतरी कळवा. टिंग करणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनाही.

तर आता माझा शनिवार असा असतो. उठायची घाई नाही. फोन दुसऱ्या खोलीत. खिडकीशी बसायचं, आठवडा मागे मागे चालवत न्यायचा, कुठे अडखळलो तर तिथेच थांबायचं. कधी एकच माणूस पानभर, कधी तीन ओळी. मग वही मिटली की मिटली, उरलेला दिवस तिचा नाही. पूर्वी शनिवार म्हणजे उरलेली कामं आणि उरलेला मी. आता निदान तो एक तास कशाचाही उरलासुरला नसतो. रविवारचा गोळा अजून येतो, खोटं कशाला सांगू. पण तीनऐवजी सहाला येतो.

आणखी एक. वहीने माणूस बरा होतो असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. माझी झोपच उडाली होती त्या दिवसांत तुम्हीच म्हणालात, "वही ती वही, औषध नाही. आधी डॉक्टरकडे जा." गेलो, आणि गेलो ते बरं झालं. (२७ अभ्यास एकत्र तपासून ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोघांनी हेच लिहिलंय की नैराश्य आणि चिंतेवर या कृतज्ञतेच्या व्यायामांचा परिणाम अगदीच थोडा असतो. ज्यांच्या हातात कुणी नुसती वही देऊन सुट्टी घेतली असेल, त्यांच्यासाठी हा कंस.)

मला आधी 'आभार' या शब्दाचीच धास्ती होती. त्यात भार ऐकू यायचा. माझ्या धंद्यात कुणाकडून काही घेतलं की ते देणं म्हणून दाखवावं लागतं, मग फेड, मग फेडीची मुदत. उपकार म्हटले की मला तोच रकाना दिसायचा. एकदा तुम्ही वर्गात सांगावं तसं सांगितलंत की कृतज्ञ या शब्दात फेड कुठेच नाही. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो. त्या रखवालदाराला मी काय परत देणार? त्याच्या दिव्याच्या बदल्यात दिवा? तो दिवा लावतो हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे. आता आम्ही दोन मिनिटं बोलतो. त्याचा मुलगा गणितात कच्चा आहे असं कळलंय, तर ते एक काम मला मिळालंय. पण ती फेड नाही, हे तो आणि मी दोघंही जाणतो.

वही लिहायला लागल्यापासून मला अशी माणसं दिसायला लागलीत, आणि ती किती आहेत ते बघून कधीकधी ओशाळायला होतं. जिन्यात आवाज होऊ नये म्हणून रात्री पावलं जपून टाकणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा. माझी चूक सगळ्यांसमोर न सांगता कागदाच्या कडेला पेन्सिलीने बारीक टिंब देणारी सहकारी. ही माणसं आधीही होतीच. त्यांच्यावर कुणी कार्यशाळा घेत नाही आणि ती स्वतःही घेणार नाहीत. गाजावाजा करणाऱ्या चांगुलपणाचा मला आता जरा संशयच येतो, हा माझा दोष समजा.

इतके दिवस का लिहिलं नाही असं तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगतो. लाज. वाटायचं, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, शब्द वेडेवाकडे होतील, आणि एवढं काय मोठं, त्यांना माहीतच असेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा आणि ती मिळणाऱ्यांचा अभ्यास छापला, तेव्हा नेमकं हेच सापडलं. लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा समोरच्याला अवघडलेपण कमी वाटतं आणि आनंद जास्त होतो. शब्द नीट जमले का याची काळजी लिहिणारा करत बसतो, वाचणारा मात्र त्यातली माया बघतो. माझ्यासारख्या आकडे मानणाऱ्या माणसाला धीर यायला असला कागदोपत्री पुरावा लागतो. त्यातूनही अवघडलं असेल तर माफ करा. पाठ करून उभं राहायची पाळी या वेळी माझी, मी येऊन चेहरा बघणार नाही.

राहता राहिलं ते लाल पेन. तुम्ही ते त्या दिवशी वहीत ठेवून गेलात आणि मागितलं नाहीत. दोनदा मी द्यायला आलो होतो आणि दोनदा खिशातच ठेवून परत गेलो. आतापर्यंत त्याच्या तीन रिफिली संपल्या, टोपणाला चीर गेलीय. तुम्हाला नवीन आणून देतो. हे देणार नाही.

तुमचा,
बारा पावलांवरचा