कादिर्ग्याच्या मशिदीचे मोजमाप सर्वांसाठी खुले करा : तुर्कस्तानच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संस्कृती व पर्यटन मंत्री, तुर्कस्तान, यांस,
सादर नमस्कार.

इस्तंबूलमध्ये हिप्पोड्रोमच्या, म्हणजे जुन्या रथशर्यतींच्या, मैदानाकडून मारमारा समुद्राच्या दिशेने उतरू लागले, की कादिर्गा मोहल्ल्यात सोकोल्लू मेहमेद पाशाची मशीद लागते. सोकोल्लू हा ऑटोमन साम्राज्याचा मुख्य वजीर आणि त्याची पत्नी इस्मिहान ही सुलतान दुसऱ्या सलीमची कन्या; त्यांच्यासाठी वास्तुकार सिनानने ही मशीद १५७१-७२ मध्ये उभारली. जागा तीव्र उताराची होती. सिनानने अंगणच उंचावर घेतले आणि खालच्या रस्त्यावरून येणारा जिना मदरशाच्या व्याख्यानगृहाखालून वर काढला. त्या अंधाऱ्या जिन्यातून माणूस वर येतो तेव्हा वजूचे कारंजे, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि मशीद हे सारे एकदम दृष्टीस पडते.

आत सुमारे १३ मीटर व्यासाचा घुमट सहा आधारांवर पेललेला आहे. सिनाननेच इस्तंबूलमध्ये बांधलेल्या रुस्तम पाशाच्या मशिदीत इझनिक गावच्या रंगीत, चकचकीत फरशांनी जवळजवळ प्रत्येक भिंत झाकली आहे; येथे त्या मुख्यतः मिहराबाच्या (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) भिंतीवर एकवटल्या आहेत, आणि माझ्या मते हा संयमच अधिक थोर आहे. त्या फरशांवरचा किंचित उठावाचा लाल रंग बनवण्याची कला सतराव्या शतकात लोपली. म्हणून तेथली एक फरशी फुटली, तरी तिच्या जागी तशीच दुसरी मिळणार नाही.

किल्लारीच्या १९९३ सालच्या भूकंपानंतरचे दगडमातीचे ढिगारे मी लहानपणी पाहिले आहेत, त्यामुळे मला या इमारतीची काळजी वाटते. मारमारा समुद्राखालून मोठा प्रस्तरभंग जातो. १७६६ च्या भूकंपात इस्तंबूलच्या फातिह मशिदीचा घुमट कोसळला, आणि फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात दक्षिण तुर्कस्तानातल्या अंताक्याची हबीब-इ-नज्जार मशीद ढासळली.

अशा ऐतिहासिक मशिदी सांभाळणारे वक्फ महासंचालनालय आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून विनंती करतो की कादिर्ग्याच्या या मशिदीच्या प्रत्येक फरशीचे, घुमटाचे आणि मदरशाचे अचूक मोजमाप करून ते जगभरच्या अभ्यासकांना खुले करावे. ते आधीच झाले असल्यास प्रसिद्ध करावे. मजबुतीकरण करताना सिमेंटऐवजी मूळ बांधकामाशी जुळणारा चुन्याचा गारा वापरावा आणि शक्यतो फरशा जागेवरून हलवू नयेत.

आपला नम्र,
एक मराठी वास्तुविशारद