'आवशक्य'

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांत तीनदा एकच वाक्य लिहिलं आहेस : "छापून काय होतं?" तुझ्या बातमीनंतर पुरवठ्याचं ते कंत्राट रद्द झालं, दोघं निलंबित झाले, पण आदेशात तुझ्या बातमीचं नावही नाही. 'कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे की' एवढंच. वाचून आधी हसू आलं, मग संताप. निदर्शनास आले म्हणे! अकरा महिने ते निदर्शनास कोण आणून देत होतं?

ती रात्र मला अजून आठवते. मी डेस्कवर, पानं सोडायची घाई, आणि तू तीन दरपत्रकांच्या झेरॉक्स माझ्यासमोर पसरल्यास. पुरवठादार तीन, लेटरहेड तीन, सह्याही तीन. तुझं सगळं लक्ष दरांवर. माझी नजर मात्र शब्दांवर गेली. जन्मभर मुद्रितं तपासण्याचा रोग, दुसरं काय! तिन्ही कागदांवर 'आवश्यक'चं 'आवशक्य' झालेलं, आणि तेही तिन्हींत क्रमांक दोनच्याच परिच्छेदात. म्हणजे तिन्ही कागद एकाच हातचे! आपण एकमेकांकडे बघितलं आणि चहा गार झाला.

मी असतो तर दुसऱ्या दिवशीच बातमी लावून मोकळा झालो असतो. तू नाही. एका चुकलेल्या शब्दाने काही शाबीत होत नाही म्हणालास आणि सहा आठवडे त्या कार्यालयाच्या खिडकीवर खेटे घातलेस. साहेब रजेवर, फाईल वर गेलीय, उद्या या. शेवटी ज्या गोदामात माल उतरल्याचं दाखवलं होतं त्याची नोंदवही पाहिलीस, तर त्या तारखांना पान कोरं. आणि एवढं करून तू आणलेली बातमी मी पाचव्या पानावर दोन कॉलमांत कोंबली, कारण वर जाहिरात आली होती. त्याबद्दल तू मला कधी बोलला नाहीस. मी मात्र स्वतःला अजून बोलतो.

हल्ली सवड आहे म्हणून तुझ्यासारख्या बातमीदारांविषयी वाचत असतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात चार्ल्स्टन गॅझेट-मेल नावाचं दैनिक आहे. त्याचा बातमीदार एरिक आयर व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या मागे लागला. घाऊक वितरकांनी कुठे किती माल पाठवला ते आकडे न्यायालयात मोहोरबंद होते. ते उघडे व्हावेत म्हणून त्या बेताच्या ऐपतीच्या दैनिकाने कोर्टाची पायरी चढली. डिसेंबर २०१६ मध्ये बातम्या आल्या : सहा वर्षांत ७८ कोटी गोळ्या. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ही पोरं धरून, ४३३. त्याच काळात या गोळ्यांच्या अतिसेवनाने १,७२८ माणसं गेली. केर्मिट नावाचं गाव आहे, तेव्हा वस्ती ३९२. तिथल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या उतरल्या.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. कुठल्या तरी संगणकात तो पडूनच होता की. देशाच्या राजधानीतल्या माणसासाठी ती तक्त्यातली एक ओळ. केर्मिट केवढंसं आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती ओळ वाचून दरदरून घाम फुटणार. तुझ्या धंद्याचं मर्म मला इथे दिसतं. कुठला आकडा वेडगळ आहे हे कळायला त्या गावात आधी वावरलेलं असावं लागतं.

आयरला २०१७ चं पुलित्झर मिळालं आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या दैनिकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. सत्काराचे हार सुकतात न सुकतात तोच. तुझा पगार दोन महिने थकला होता तेव्हा ही गोष्ट सांगितली असती, तर तू मला चपलेने मारलं असतंस.

बातमीदार फिरकलाच नाही तर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या बेल या छोट्या शहरात दिसलं. लोकवस्ती तेव्हा पस्तीसेक हजार. लॉस एंजेलिस टाइम्सचे बातमीदार शेजारच्या मेवूड शहराची भानगड तपासत होते, तेव्हा त्यांना बेलचा वास लागला. जुलै २०१० मध्ये छापून आलं की तिथल्या मुख्य प्रशासकाचा वर्षाचा पगार आठ लाख डॉलरच्या घरात आहे, आणि अर्धवेळ नगरसेवक वर्षाला लाखभर डॉलर घेतात. त्याआधी एका रहिवाशाने पगार विचारला होता, तर त्याच्या हातात खोटे आकडे टेकवले होते. एकट्यादुकट्याला असं वाटेला लावता येतं. बातमी आल्यावर मात्र सभागृहात माणसं मावेनात. त्या मुख्य प्रशासकाला, रॉबर्ट रिझोला, २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली.

हे सावकारालाही कळतं, बरं का. अमेरिकेतल्या बंद पडलेल्या स्थानिक वृत्तपत्रांवर काही अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. जिथे पेपर बंद झाला, तिथल्या स्थानिक संस्थांच्या कर्जाचा व्याजदर ०.०५ ते ०.११ टक्के-बिंदूंनी वाढला. कारभाराकडे बघणारं कोणी उरलं नाही, की पैसे देणारा जास्त व्याज मागतो. तेव्हा तुझ्या पगाराबद्दल मालकाशी बोलताना हे सांगून बघ. उपयोग होणार नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आता तुझा खरा प्रश्न. तो मी टाळत नाही. भोपाळच्या राजकुमार केसवानींनी १९८२ मध्येच आपल्या 'रपट' या चिमुकल्या साप्ताहिकात लिहिलं होतं की युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या जिवावर उठला आहे. १९८१ च्या डिसेंबरमध्ये तिथे वायूने एक कामगार दगावला, तो त्यांच्या ओळखीचा. तिथून त्यांनी खणायला घेतलं. "बचाइए हुजूर" असं अक्षरशः विनवलं. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तून पुन्हा लिहिलं. कोणी हललं नाही. २ डिसेंबर १९८४ ची रात्र तुला माहीत आहे. छापून काय झालं, तर काहीच झालं नाही. पण त्यानंतर 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असं म्हणण्याची सोय कोणाला राहिली नाही. तारखेनिशी छापलेलं होतं. हे समाधान फार तोकडं आहे, मान्य. मृतांच्या समोर उभं राहून ते मी बोलू शकणार नाही. तुझ्यासमोर बोलतो.

तुझ्या बाबतीत तर नोंदवहीच्या कोऱ्या पानाने कंत्राट रद्द करवलं! आदेशात नाव नाही म्हणून कुरकुर कर, हक्काने कर. मी इकडे कात्रण काढून ठेवलं आहे : पान पाच, दोन कॉलम, वर फ्रीजची जाहिरात.

सगळ्या झेरॉक्सचा एक संच माझ्याकडे पाठवून दे, एकाच जागी ठेवू नकोस. आणि पत्राच्या शेवटी जी दुसरी फाईल अर्धवट सांगून सोडलीस, तिची दरपत्रकं आधी पाठव. दर तू बघ, शब्द मी बघतो.

तुझाच,
पाचव्या पानाचा गुन्हेगार