प्रार्थना कोरडी पडली, तर उपवास हे पहिले औषध नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आणि ईस्टर आले की मराठी वर्तमानपत्रांत ख्रिस्ती समाजावर पाने निघतात. गव्हाणी, केक, वसईचा पेहराव, जुनी चर्चेस. वाचायला छान वाटते. पण त्याच चर्चच्या बाकावर बसलेला एखादा माणूस महिनोन् महिने मनात म्हणत असतो की देव आपले ऐकत नाही, कदाचित तो नाहीच; त्याच्याविषयी एक ओळ येत नाही. दोष एकट्या वर्तमानपत्रांचा नाही, आमच्या व्यासपीठांवरूनही हा विषय निघत नाही. आम्ही काही जण, कोणी कॅथलिक, कोणी प्रॉटेस्टंट, तपसाधना आणि समुपदेशनाच्या कामात आहोत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर हे लिहीत आहोत, कारण चुकीच्या सल्ल्यांना याच दिवसांत ऊत येतो.

सल्ला ठरलेला असतो. काहीतरी पाप दडवलेले असेल, कबूल करा. तीन दिवसांचा उपवास धरा. शुक्रवारी रात्रभराच्या प्रार्थनेला बसा. सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पण दुखणे न पाहताच औषध दिले जाते. झोप उडालेला माणूस आणखी एक रात्र जागतो, चौथ्या दिवशीही आत काही हललेले नाही हे पाहतो, आणि देवाने आपल्याला टाकलेच आहे अशी खूणगाठ बांधून घरी जातो. पुढच्या रविवारी तो येतो, गातो, हात जोडतो. विचारले तर म्हणतो, "प्रभूची कृपा, सगळे छान."

गंमत अशी, की ज्या संतांचे दाखले देऊन हे उपवास सांगितले जातात त्यांचा स्वतःचा अनुभव नेमका उलटा आहे. पुढे जेझुइट धर्मसंघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मान्रेसा गावी राहत होते. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चाले, आणि तरीही जुन्या पापांची शंका पिच्छा सोडत नव्हती: हे सांगायचे राहिले, ते नीट सांगितले नाही. पुन्हा पुन्हा पापनिवेदन केले, समाधान नाही. जीव द्यावा असे विचार येऊ लागले. शेवटी देव शांती देईपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, असे ठरवून त्यांनी आठवडाभर कडकडीत उपवास केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हे कळताच त्यांनी उपवास सोडायला लावला. पुढे जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत असे इग्नेशियसनी ठरवले, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

म्हणून समोर बसलेल्या माणसाला विचारायचे पहिले प्रश्न देवाविषयीचे नसतातच. झोप किती लागते? जेवण जाते का? हे कधीपासून? त्या सुमारास घरात कोणी गेले का, बाळंतपण झाले का, नोकरी सुटली का, एखादी नवी गोळी सुरू झाली का? पवित्र शास्त्रात याला चांगला आधार आहे. १ राजे, अध्याय १९: एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, खा म्हणतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न होरेब डोंगरावर येतो, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. आपल्याकडे बहुतेकांना हा प्रश्न आधी विचारायची घाई असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टरकडे जावे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावे. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे आडून सुचवणारे उपदेशक मधुमेहाच्या गोळीबद्दल तसे का बोलत नाहीत, हे त्यांनाच विचारायला हवे.

प्रकृतीचे कारण कोणते आणि आत्मिक कोरडेपण कोणते, हे ओळखायची एक कसोटी स्पेनमधील कार्मेलाइट संघाचे संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी सोळाव्या शतकातच घालून दिली. या कोरडेपणाला ते 'अंधारी रात्र' म्हणत. हा मनुष्य अंधारावर ऐकीव माहितीने लिहीत नव्हता. १५७७ च्या डिसेंबरपासून सुमारे नऊ महिने त्यांच्याच संघातील बांधवांनी त्यांना टोलेडोत कोंडून ठेवले होते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, आणि जगातल्या इतर गोष्टींतही वाटत नाही. तरीही देवाची आठवण सुटत नाही. आपण त्याची सेवा करत नाही, मागे पडतो आहोत, ही टोचणी कायम राहते. आणि पूर्वीसारखे प्रसंग डोळ्यांसमोर आणून, विचार करून मनन करता येत नाही, कितीही जोर लावला तरी. तिन्ही एकत्र हव्यात. प्रार्थनेचा कंटाळा, पण क्रिकेट, मोबाईल, मित्रमंडळी सगळे रंगात असेल, तर त्याला अंधारी रात्र वगैरे म्हणू नये. तो साधा आळस आहे, वेळ ठरवून बसले की बराचसा जातो. कशातच रस नाही आणि देव दूर गेल्याची टोचणीही नाही, तर जॉनना तिथे शारीरिक उदासीनतेचा संशय येतो. दोन्ही एकत्र असू शकतात, हेही ते मान्य करतात. तेव्हा डॉक्टर आणि धर्मगुरू एकाच वेळी लागले तर बिघडत नाही.

आता खऱ्या कोरडेपणात करायचे काय? इग्नेशियसच्या साधनापुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातले या विषयावरचे नियम मोजके आहेत आणि आजही लागू पडतात. सर्वांत महत्त्वाचा पाचवा: कोरडेपणाच्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. मन प्रसन्न असताना जे ठरवले होते, मग ते रविवारची उपासना असो, संघातले व्रत असो, संडे स्कूलचा वर्ग असो, ते चालू ठेवायचे. मंडळी (चर्च) बदलावी, सेवाकार्याचा राजीनामा द्यावा, मठ सोडावा, हे विचार याच काळात जोर करतात आणि त्या क्षणी अगदी पटतात. निर्णय घ्यायचाच असेल तर मन स्थिर झाल्यावर घ्यावा. या नियमाचा गैरवापरही होतो, तो आम्ही पाहतो. नवरा मारतो आहे, किंवा चर्चमधलाच कोणी त्रास देतो आहे, अशा बाईला "कोरडेपणात निर्णय नको" असे सांगणे म्हणजे नियमाचा विपर्यास. जिवाला धोका असेल तिथून आधी बाहेर पडायचे.

निश्चय बदलायचा नाही, पण कोरडेपणाविरुद्ध स्वतःला नेटाने बदलायचे, असे पुढचा नियम सांगतो. पण प्रार्थना किती वाढवायची, याकडे नेमके दुर्लक्ष होते. साधनेतला प्रार्थनेचा तास कोरडा गेला तर तास पुरा करून वर थोडा वेळ बसावे, एवढीच इग्नेशियसची सूचना आहे. घरी अर्धा तास बसणाऱ्याने पस्तीस मिनिटे बसावे. दोन तास बसू नये. जास्तीच्या पाच मिनिटांनी हेका मोडतो, दोन तासांनी माणूस मोडतो. तपश्चर्याही झेपेल इतकीच असावी.

कोरडेपणाची कारणे इग्नेशियस तीनच देतात: आपला हलगर्जीपणा, काही मिळत नसतानाही आपण किती टिकतो याची पारख, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे उमगणे. तिन्हींपैकी एकातच आपली चूक आहे. आमच्या सभांत मात्र शंभर टक्के दोष पहिल्या कारणाला जातो.

तेरावा नियम गुप्ततेचा आहे. ही अवस्था लपवली की वाढते. एका जाणत्या माणसाजवळ बोलली की तिचा जोर ओसरतो. एका जाणत्या माणसाजवळ म्हणजे प्रार्थनागटाच्या व्हॉट्सॲपवर नव्हे. तिथे टाकलेली विनंती संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि पुढल्या वेळी तो माणूस तोंड उघडत नाही.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा ठरलेले शब्द वापरावेत. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी, रोझरीची (जपमाळेची) पाच रहस्ये म्हणावीत, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातले पाठ असलेले एखादे पद गुणगुणावे. भावना नसताना ओठांनी म्हणणे म्हणजे ढोंग, अशी समजूत विशेषतः आमच्या प्रॉटेस्टंट मित्रांत फार आहे. ढोंग लोकांना दाखवण्यासाठी केले जाते; दार लावून एकट्याने म्हटलेल्या शब्दांना ढोंग का म्हणावे?

याहून उपयोगी म्हणजे विलापाची स्तोत्रे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश तक्रारीची आहेत, आणि आपण गातो ती बहुतेक स्तुतीची. तेरावे स्तोत्र घ्या. अवघी सहा वचने. पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा विचारला आहे: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीत याच क्रमाने स्वतःचे स्तोत्र लिहायला सांगावे: देवाला हाक, तक्रार, मागणी, भरवसा. लोक तक्रारीपाशी अडखळतात. दोन गुळमुळीत वाक्ये लिहून भरवशावर उडी मारतात. त्यांना मागे आणावे. तक्रार नेमकी हवी, तारखेसह, नावासह. आणि भरवशाचा भाग सुचतच नसेल तर कोरा सोडावा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तसेच आहे. ते अंधारातच संपते, शेवटी कुठलीही आशेची ओळ नाही. कॅथलिक धर्मगुरू आणि सिस्टर दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत तेच म्हणतात. रविवारच्या मिस्सेत ते येत नाही, त्यामुळे बाकांवरच्या लोकांना असे काही शास्त्रात आहे याचा पत्ताच नसतो.

बुद्धीची शंका हे प्रकरण वेगळे. तिथे अश्रू पुसून भागत नाही, उत्तर द्यावे लागते, आणि येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणावे लागते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचे देवपण यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला, तो आजच्या एखाद्या तरुणीने आपल्या पाळकांशी घातला तर तिला युवक संघातून काढतील. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला आहे. आमच्या किती पाळकांनी तो चाळला असेल, शंकाच आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळले, की हाती लागला होता तो ख्रिस्ती धर्म, स्वतः ख्रिस्त नव्हे, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले. मधल्या वर्षांत त्यांनी शारदा सदन उभे केले होते.

मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. कोलकात्यातले काम सुरू झाल्यापासून १९९७ मध्ये निधन होईपर्यंत, मधले काही आठवडे वगळता, त्यांना देवाचा सहवास जाणवलाच नव्हता. कमी लोकांना माहीत आहे की ही गाठ सैल करणारे धर्मगुरू पुण्याचे होते. फादर जोसेफ नॉयनर, जन्माने ऑस्ट्रियन, जेझुइट, पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे. १९६१ च्या सुमारास मदरनी त्यांच्यापुढे मन मोकळे केले. त्यांनी उपाय दिला नाही. या अंधारावर माणसाजवळ इलाज नाही, तेव्हा तुमचा दोष शोधू नका. देव जाणवणे हा त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याची एवढी ओढ लागते हीच खूण. आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग आहे. एवढे सांगितले. अंधार गेला नाही, पण त्याच्याशी मदरचे भांडण संपले. इथेही एक सावधगिरी: मदर तेरेसांचे उदाहरण नैराश्याने खचलेल्या मुलाच्या तोंडावर फेकू नये. त्या अंधारात त्या रोज पहाटे उठून काम करत होत्या; तो अंथरुणातून उठू शकत नसतो.

कॅथलिक धर्मग्रामांकडे आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. देवाचा अनुभव सांगायच्या साक्षीच्या सभेत फक्त विजयाच्या साक्षी नकोत. अजून उत्तर न मिळालेल्या माणसालाही पाच मिनिटे द्या आणि शेवटी त्याच्या साक्षीला गोड शेपूट जोडू नका. उपवासकाळात एका रविवारी विलापाच्या स्तोत्रावर प्रवचन ठेवा. ऐकून घेणारी दोन माणसे नेमा, एक पुरुष, एक स्त्री, शक्यतो धर्मगुरू नसलेली. त्यांची नावे आणि वेळ सूचनाफलकावर लावा. एका बैठकीला पाऊण तास पुरतो, त्यात पहिली वीस मिनिटे सल्ला अजिबात नाही. आणि जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर ते पापनिवेदनाच्या मर्यादेत राहून एकट्याने सांभाळायचा प्रयत्न करू नका: त्याला एकटे सोडू नका, त्याच्या संमतीने घरातल्या एकाला सांगा, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावून द्या. हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालतो. तो सूचनाफलकावर मिस्सेच्या वेळांखाली लिहायला खडूशिवाय काही लागत नाही.

आपले,
ख्रिस्ती समुपदेशनाच्या कामातील काही वाचक,
वसई व अहिल्यानगर