बंब, पाचोळा आणि ३ किलोवॅट

पुणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "गच्चीवर सोलर बसवून टाकू का?" फोनवर तुम्ही आणि आई एकाच वेळी बोलता, मग माझं कुठलंच वाक्य पुरं होत नाही. म्हणून लिहून पाठवते.

त्या विक्रेत्याचा कागद मी नीट वाचला. तो ३ किलोवॅटच बसवा म्हणतोय, आणि त्याचं कारण सरळ आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान मिळतं, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही बसवलं तरी ७८,०००. मोठा आकडा दाखवला की गिऱ्हाईक खूश, आणि त्याचा मालही जास्त खपतो. पण आपण वीज वापरतो किती? दोन माणसं, पंखे, फ्रिज, टीव्ही आणि पाण्याची मोटर. महिन्याला ८०-९० युनिट. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटचे पॅनल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात, म्हणजे महिन्याला १२०. ३ किलोवॅटचे ३६० होतील. जास्तीची वीज महावितरणकडे आपल्या खात्यावर जमा होते हे खरं. पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. शिवाय अनुदान नंतर खात्यावर येतं, आधी सगळे पैसे आपण घालायचे.

आणि ती आंब्याची फांदी! दक्षिणेकडून सावली येते म्हणून ती तोडावी लागेल, असं तो म्हणाला ना? तांत्रिकदृष्ट्या तो चूक नाही. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या रांगेचं उत्पादन घसरू शकतं. पण त्याच फांदीमुळे तुमची मधली खोली एप्रिलातसुद्धा कूलरशिवाय निभावते. १ किलोवॅटला दोन-तीन पॅनल लागतील, ते जिन्याच्या बाजूला सहज बसतील. फांदीला हात लावू देऊ नका.

खरं सांगू का? मला गच्चीपेक्षा परसातली काळजी जास्त वाटते.

आई, तुझा खोकला दिवाळीपासून आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो घरात चूल आहे का, आणि तू "नाही हो, गॅस आहे" म्हणालीस. परसात पाणी तापवायच्या बंबाचं नाव काढलं नाहीस. थंडीत वाईला बंबाच्या पाण्याची मजा मलाही माहीत आहे, पण तो पेटवायला तू काय काय घालतेस ते मी पाहिलंय. करवंट्या, चिपाडं इथपर्यंत समजू शकते, तरी धूर तो धूरच, आणि रोज सकाळी त्याच्यापुढे वाकून फुंकणारी तू. पण वरून दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं? ती चकचकीत पाकिटं बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. पीव्हीसीत क्लोरीन असतो. ते प्लास्टिक जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते आणि धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं येतात. ज्या गोळ्या बाबांचं बीपी सांभाळतात, त्यांच्या पाकिटांचा धूर तुझ्या छातीत जातोय.

दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेव, भंगारवाला वजनावर घेतो. गोळ्यांची पाकिटं सुक्या कचऱ्यात टाका. इन्सुलिनच्या सुया मात्र जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्या. इकडे कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेने डायपर आणि पॅडसाठी लाल ठिपक्याची पद्धत रुजवली आहे. कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हाताळणाऱ्याला आधीच कळतं. आपणही त्या बाटलीवर तसाच ठिपका काढू.

बंबाचं काय करायचं? माझं मत, पैसे घालायचेच तर आधी पाणी तापवायच्या सोलरमध्ये घाला, विजेचं नंतर बघू. दोघांना १०० लिटरचं पुष्कळ झालं. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला अर्धा युनिट वीज जाते, म्हणजे गिझर घेतला तर दोघांच्या आंघोळीपायी रोज १ युनिट, ते सोलरमध्ये वाचतं. एकच अट आहे. टाकीत नळाचं पाणी सोडा, बोअरचं नको, नाहीतर क्षार साचून नळ्या लवकर कामातून जातात. श्रावणात आभाळ भरलेलं असेल तेव्हा पातेलंभर पाणी गॅसवर ठेवायचं. तांब्याचा बंब मोडीत घालू नका, तो मी घेऊन जाईन.

बाबा, आता तुमचा पाचोळा. संध्याकाळी ढीग करून काडी लावायची तुमची सवय माहीत आहे, "पानंच तर आहेत" हे उत्तरही माहीत आहे. अर्धवट ओल्या पानांचा धूर सगळ्या आळीत बसतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाने, डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. वाईत कोणी पावती फाडायला येणार नाही, मान्य. पण पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा गट आहे. ज्यांच्याकडे पानं जास्त ते लोक ती पोत्यात भरून ठेवतात आणि बागवाले येऊन घेऊन जातात. इथे पाचोळ्याला मागणी आहे आणि तुम्ही तो जाळताय! मागच्या भिंतीशी विटांचा चौकोन करा, पानांचा थर, मूठभर माती, आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडा, ओल राहू द्या. जून-जुलैपर्यंत बरंचसं खत होईल. कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोलकरांचा 'प्रयोग परिवार' हा शेतीत प्रयोग करणाऱ्यांचा गट गच्चीवरच्या बागा याच पाल्यापाचोळ्यावर वाढवत होता, तुम्हीच मला सांगितलं होतं.

हल्ली इकडे जो तो म्हणतो, जुन्या लोकांचं सगळंच पर्यावरणाला धरून होतं. मला ते पटत नाही. तुमची कापडी पिशवी, गोधड्या, बादलीभर पाण्यात आंघोळ, सगळं उत्तम, त्यावर मी तुम्हाला काय शिकवणार? पण धूर तेव्हाही वाईटच होता. तेव्हा त्यात प्लास्टिक नव्हतं एवढंच.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याचा फोटो पाठवा. आई, पुढच्या वेळी डॉक्टरांना बंबाचं सांग. आणि बाबा, मी येईपर्यंत त्या विक्रेत्याला होकार देऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर तेही कळवा, रागावणार नाही.

तुमची,
मनू