ढोलकी कोणी वाजवली तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लावणीच्या कार्यक्रमावर अर्धं पान वाचलं, नाचणाऱ्यांची नावं होती, गाणारीचं होतं, अगदी साड्या कुठल्या ते पण होतं, पण ढोलकी कोणी वाजवली ते दोनदा वाचूनही सापडलं नाही. आणि मला एकदम न्यूयॉर्कमधली एक दुपार आठवली म्हणून लिहितोय.

२०२२च्या डिसेंबरात मी मुलाकडे जर्सी सिटीला होतो, न्यूयॉर्कच्या नदीपलीकडेच. स्टॉम्प नावाचा शो आता बंद होणार असं कळलं म्हणून शनिवारी दुपारच्या खेळाला सून, सात वर्षांचा नातू आणि मी असे निघालो, पाथ ट्रेनने नाइन्थ स्ट्रीट, पुढे चालत सेकंड अव्हेन्यूवरचं ऑर्फियम थिएटर, थंडी तर मरणाची. थिएटर छोटंसंच, साडेतीनशेच्या आसपास खुर्च्या. शो मूळचा इंग्लंडमधल्या ब्रायटनचा, ल्यूक क्रेसवेल आणि स्टीव्ह मॅकनिकोलस यांनी १९९१मध्ये सुरू केलेला, आणि या थिएटरात १९९४पासून चालू होता.

स्टेजवर आठ जण. संवाद नाहीत, गाणी नाहीत. वाजवायला खराटे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, पाइप, काडेपेट्या! एकजण नुसता झाडत झाडत येतो आणि त्या खर्र खर्रचाच ठेका होतो, मग बाकीचे त्यात शिरतात. एकदा अंधार करून फक्त लायटर उघडझाप करतात, टक टक आवाज आणि ज्योत इकडून तिकडे पळते, तेव्हा नातवाने माझा हात घट्ट धरला होता. त्याला मराठी जेमतेम येतं, माझं इंग्रजी तसंच, एरवी आमच्यात सून दुभाषी. त्या दिवशी कोणाची गरजच पडली नाही, दोघं एकाच वेळी हसत होतो. मधेच एकजण टाळ्यांचा तुकडा वाजवतो आणि लोकांनी तो परत वाजवायचा, नातू माझ्याआधी बरोबर वाजवायचा. रात्री घरी त्याने स्टीलचं ताट उपडं घातलं, मी परातीवर आरतीचा ठेका धरला, सून ओरडेपर्यंत चाललं होतं.

८ जानेवारी २०२३ला तो शो तिथे बंद झाला. पण प्रोग्रामच्या पुस्तिकेत सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं आणि फोटो होते, ती अजून माझ्या कपाटात आहे.

आपल्याकडे तर तमाशाच्या एका प्रकारालाच ढोलकीफडाचा तमाशा म्हणतात, म्हणजे नाव ढोलकीचं आणि ढोलकीवाला मात्र कोणालाच माहीत नाही, असं कसं चालेल? लावणीत पायाने घुंगरू सवाल टाकतं तेव्हा जवाब देणारा तोच असतो ना. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तमाशा यायचा, आम्ही पोरं पुढे बसून बघायचो, ढोलकी कमरेला बांधून उभा असलेला तो माणूस, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, पहाटेपर्यंत वाजवायचा. चेहरा आजही डोळ्यासमोर आहे, नाव माहीत नाही, आता विचारायला कोणी उरलंही नाही.

म्हणून कळकळीची विनंती, पुढच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटं थांबावं, ढोलकीवाल्याचं नाव, गाव आणि तो कोणाकडे शिकला एवढं विचारून छापावं. हलगी, संबळ, दिमडीवाल्यांचंही.

आपला,
एक जुना वाचक, सातारा